नवा अल्बम न ऐकता नावं कशी ठेवावीत

नवे अल्बम जगभर शुक्रवारी येतात. २०१५ पासून तसा रिवाजच पडलाय. त्यामुळे सच्च्या चाहत्याने आपलं मत उशिरात उशिरा गुरुवारी रात्रीपर्यंत तयार ठेवावं. शुक्रवारी ऐनवेळी घाई होते आणि त्या घाईत एखादं गाणं चुकून पूर्ण ऐकलं जाण्याचा धोका असतो.

हे ज्ञान मला नुकतंच झालं. एका म्हाताऱ्या बँडचा नवा अल्बम आला. बँडचं नाव सांगत नाही. कुठलंही घाला, पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल. हेडफोन लावून मी पाचव्या गाण्यापर्यंत पोचलो होतो. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर गिटार थांबते, खाली नुसता बेस उरतो, आणि गायक एका उंच सुरापाशी येऊन तो सूर घेतच नाही. पूर्वी तिथे तो बेधडक उडी मारायचा. आता अलीकडेच थांबतो आणि हलकेच खाली उतरतो. अंगावर काटा आला. आणि नेमका तेव्हा मित्राचा फोन.

"ऐकतोयस? नको ऐकूस. संपले रे ते."

"तू पूर्ण ऐकलास?"

"छे! पहिलं गाणं लावलं होतं. गिटारच्या सोलोपर्यंतसुद्धा थांबलो नाही."

हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं त्याच बँडचा टी-शर्ट घालून फिरतो. त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन होतकरू चाहत्यांसाठी चार सूचना देतो आहे.

पहिल्यांदा दोन वाक्यं घोकून ठेवा. "नेहमीचंच आहे, नवं काय त्यात?" आणि "किती बदललेत, हा आपला बँडच नाही." दोन्ही वाक्यं एकाच अल्बमबद्दल, एकाच बैठकीत, एकाच माणसाला ऐकवता येतात. एसी/डीसी या बँडसाठी पहिलं वाक्य पिढ्यान् पिढ्या राखीव आहे. २०२० चा त्यांचा 'पॉवर अप' आला तेव्हा गिटारवादक मॅल्कम यंगला जाऊन तीन वर्षं झाली होती. तो मागे ठेवून गेलेल्या रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) आणि कल्पनांवर त्याचा भाऊ अँगसने तो अल्बम उभा केला. सगळी गाणी दोघा भावांच्या नावावर आहेत. त्यावर आपण काय म्हणायचं? "तेच ते." बरोबर. भावाच्याच रिफ वाजवतोय, तर वेगळं काय वाजवणार? पण हा प्रश्न स्वतःला पडू द्यायचा नाही, मत डळमळीत होतं.

अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐका. बेस ऐकू येत नाही अशी तक्रार करायला बरं पडतं.

आता मुख्य मंत्र: "जुना साउंड हवा." जुना म्हणजे कधीचा, हे कधीही सांगू नका. मेटालिका या बँडचंच बघा. १९९१ मध्ये त्यांनी गाणी आटोपशीर केली, वेग कमी केला, तर जुने चाहते म्हणाले कमर्शियल झाले. आज तोच काळ्या कव्हरचा अल्बम 'सुवर्णकाळ' म्हणून दाखवतात, आणि दाखवणाऱ्यांत तेव्हा नाकं मुरडणारेही आहेत. १९९६ मध्ये चौघांनी केस कापले, तर त्यावरही बोंब. केसांवर! गिटार काही केसांनी वाजवत नव्हते. २००३ मध्ये 'सेंट अँगर' आला. सोलो नाहीत, आणि स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडलेल्या, त्यामुळे तासभर डबा बडवल्यासारखा आवाज. तो मलाही सोसवत नाही, हे इथेच सांगून टाकतो. तेव्हा मागणी काय होती? सोलो परत आणा, लांब आणि वेगवान गाणी परत आणा. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये सगळं परत आणलं. मग मिक्स (सगळी वाद्यं एकत्र करून बनवलेला अंतिम आवाज) इतका ठासून मोठा केला होता की आवाज फाटतो, अशी तक्रार आली. ती तक्रार रास्त होती. 'गिटार हिरो' या खेळात त्याच गाण्यांचा आवाज स्वच्छ निघाला, लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकले, पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मी त्या लोकांपुढे हात जोडतो, कारण त्यांनी ऐकलं होतं! कानांनी! पण त्याच गर्दीत घुसून "मी म्हणत नव्हतो, १९८८ नंतर यांनी काही केलंच नाही" असं म्हणणारा जो होता ना, त्याचा आणि मिक्सचा काय संबंध? १९८८ च्या अल्बममध्ये बेस जवळपास ऐकूच येत नाही, तो याला अजरामर वाटतो. तिथे दोष म्हणजे 'कॅरेक्टर', इथे दोष म्हणजे म्हातारपण. २०२३ मध्ये '७२ सीझन्स' आला, सत्त्याहत्तर मिनिटांचा. मग काय, "फार लांब." लांब गाणी कोणी मागितली होती? तुम्हीच ना? छोटी केली तर विकले गेले, लांब केली तर कंटाळवाणे, सोलो काढले तर आळशी, सोलो घातले तर जुनंच उगाळतायत. त्या माणसांनी नेमकं करायचं तरी काय? स्टुडिओत जाऊन १९८६ चीच टेप पुन्हा लावून बाहेर यायचं?

असो. आपण सूचना देत होतो.

गाण्याचे बोल वाचू नयेत.

प्रोड्युसरच्या नावाने बोटं मोडावीत, तो कोण आहे हे ठाऊक नसलं तरी. तरुण असेल तर "फार गुळगुळीत करून ठेवलंय", जुनाच असेल तर "हा कधी सुधारणार?"

बँडमधून कोणी गेला असेल तर तुमची चांदीच. "तो नाही म्हणजे बँड नाही" हे वाक्य कधी शिळं होत नाही. डीप पर्पलमध्ये स्टीव्ह मोर्स १९९४ मध्ये आला आणि २०२२ पर्यंत गिटार वाजवत राहिला. आधीचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या दोन्ही खेपांची वर्षं एकत्र केली तरी एवढी भरत नाहीत. तरी मोर्स शेवटपर्यंत 'तो नवा'. बायकोच्या आजारपणामुळे त्याने बँड सोडला, सायमन मॅकब्राइड आला, २०२४ चा अल्बम त्याच्यासोबत झाला, आणि आता मोर्सच्या आठवणीने गळे काढणारे उगवलेत. अठ्ठावीस वर्षं कुठे होतात? शिवाय ज्या 'मूळ संचा'साठी जीव तुटतो, तो मूळ नव्हताच. गायक गिलन आणि बेसवादक ग्लोव्हर १९६९ मध्ये आले, आधीचा गायक आणि बेसवादक यांच्या जागी. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'स्मोक ऑन द वॉटर' त्यानंतरचं, १९७२ चं. म्हणजे तेव्हाच्या निष्ठावंतांनी तुमच्याइतक्या निष्ठा पाळल्या असत्या, तर ती रिफ कोणी ऐकलीच नसती.

आयर्न मेडनमध्ये गायक ब्रूस डिकिन्सनसुद्धा १९८१ मध्ये कोणाच्या तरी जागी आलेला 'नवा' होता. पण जाऊ द्या, इतिहासात शिरलं की निष्ठा पातळ होतात.

ज्यांना नावं ठेवणं जमत नाही त्यांच्यासाठी दुसरा पंथ उघडा आहे. यात प्रवेशासाठी अल्बम ऐकण्याची अट नाही. सत्त्याहत्तर मिनिटांचा अल्बम बाहेर पडून वीस मिनिटं झाली की "आजवरचं सर्वोत्तम काम" असं जाहीर करावं, आणि कोणी शंका काढलीच तर "तू वाजवून दाखव" म्हणावं. मेडनचा 'सेन्जुत्सू' २०२१ मध्ये आला, साधारण ब्याऐंशी मिनिटांचा. शेवटची तिन्ही गाणी बेसवादक स्टीव्ह हॅरिसची, तिन्ही दहा मिनिटांच्या वर. 'हेल ऑन अर्थ' मला फार आवडतं. 'द पार्चमेंट' मात्र निम्म्यात आटोपायला हवं होतं, असं मी एका भक्तासमोर बोललो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच त्या अल्बमचे सुरुवातीचे सूर चोरून नेलेत. मग म्हणाला, "लेजंड आहेत ते." लेजंड आहेत हे मान्य, पण ते गाणं लांबलंय! या भक्ताला आणि माझ्या त्या फोनवाल्या मित्राला एकत्र बसवलं तर त्यांचं छान जमेल. दोघांनाही गाण्याची अडचण होते.

लाइव्ह कार्यक्रमाला जाल तर नवं गाणं जाहीर होताच खाली बसा किंवा बाहेर एक चक्कर मारून या, आणि येताना मागच्या रांगेतून जुन्या गाण्याचं नाव ओरडा. २००६ मध्ये मेडनने हिंमत करून नवा अल्बम रंगमंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, तेव्हा जुनी गाणी कमी पडली म्हणून लोकांनी कुरकुर केली. २०२५ मध्ये त्यांनी उलट केलं, फक्त १९९२ पर्यंतच्या पहिल्या नऊ अल्बममधली गाणी घेऊन दौऱ्यावर निघाले. आता तुमचं वाक्य काय? "जुन्या पुण्याईवर जगतायत." शाब्बास.

आणि शेवटी हुकमी पत्ता: वय. "आवाज बसलाय", "हात चालत नाहीत", "घरी बसा आता". हे म्हणताना आपण थोर आणि निष्ठुर सत्य बोलतोय असा चेहरा करावा.

नाही, हे मला आता हसत लिहिता येत नाही.

ज्युडास प्रीस्टचा गिटारवादक ग्लेन टिप्टन याला पार्किन्सन्स आहे. त्याने ते २०१८ मध्ये जाहीर केलं, आणि त्यानंतर २०२४ मध्ये त्याच बँडने 'इन्व्हिन्सिबल शील्ड'सारखा धारदार अल्बम दिला. मेडनच्या 'द बुक ऑफ सोल्स'चं ध्वनिमुद्रण २०१४ मध्ये झालं, आणि त्यानंतर डिकिन्सनच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. म्हणजे गाताना ती तिथेच होती. त्याच अल्बमवर त्याने स्वतः पियानोवर रचलेलं अठरा मिनिटांचं गाणं आहे. २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' आला, रोलिंग स्टोन्सचा २००५ नंतरचा पहिला स्वतःच्या गाण्यांचा अल्बम. गायक जॅगर ऐंशी वर्षांचा. ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्येच गेलेला, पण दोन गाण्यांवर त्याचे आधी मुद्रित केलेले ड्रम आहेत, आणि त्यातल्या एकावर १९९३ मध्येच बाहेर पडलेला जुना बेसवादक बिल वायमन येऊन बेस वाजवून गेलाय. कान देऊन ऐका. चार्लीची सवय होती, स्नेअरवर ठोका मारताना तो हाय-हॅटवरचा हात उचलून घ्यायचा. त्या क्षणापुरती झांज गप्प, आणि ठोका मोकळा वाजतो. याच अल्बमबद्दल मला एकाने सांगितलं, "ड्रमिंग फारच साधं आहे." अरे, साठ वर्षं तो तसंच साधं वाजवत होता! त्या साधेपणावर तुझी सगळी आवडती गाणी उभी आहेत! तू नुसतं नव्यालाच नाही, जुन्यालासुद्धा कधी ऐकलेलं नाहीस.

राग त्याचाच येतो. अल्बम फसू शकतो. म्हाताऱ्यांचे अल्बम तर बरेचदा फसतात. कधी निम्मी गाणी भरतीची असतात, कधी गायकाचा आवाज यंत्राने इतका सरळ केलेला असतो की माणूस उरत नाही. सांगा की हे, जरूर सांगा. वय झालं म्हणून सूट द्या असं मी म्हणत नाही; उलट सूट दिलेली त्या लोकांनाच आवडणार नाही. पण तुम्हाला अल्बमचं काही पडलेलं नसतं. तुम्हाला निकाल द्यायचा असतो, तोही सगळ्यात आधी. बाजूने किंवा विरुद्ध, कसंही चालतं. पन्नास वर्षं एकत्र वाजवणारी चार-पाच माणसं पुन्हा एका खोलीत जमून नवं काहीतरी करतात. जुन्यावर त्यांचं आयुष्य आरामात निघालं असतं, नवं करायची काडीचीही गरज नव्हती. आणि तुमच्याकडे त्यांच्यासाठी तासभर नाही. पहिल्या गाण्याच्या सोलोपर्यंतचा धीर नाही. टी-शर्टला मात्र पैसे आहेत.

तुमचे जुने अल्बम कोणी हिसकावून नेलेत का? तिथेच आहेत ना? लावा ते, दिवसभर लावा. नव्यामुळे त्यातला एक सूरही पुसला गेलेला नाही. आणि नव्याबद्दल बोलायचंच असेल तर आधी सलग ऐका, दोनदा ऐका, मग कुठलं गाणं, कुठली जागा, काय खटकलं किंवा काय भिडलं ते सांगा. तेवढं सांगता येत नसेल तर गप्प बसा. खरंच, गप्प बसा.