‘आजारी पडला की बघू’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पाळीव प्राण्यांविषयीचा एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. धडधाकट प्राण्याला पशुवैद्याकडे नेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, तिथे नको त्या तपासण्या सुचवल्या जातात, आजारी पडलाच तर सर्वांत जवळचा दवाखाना गाठावा, तोवर घरातली वेदनाशामक गोळी अर्धी करून द्यावी, आणि खर्चाचा अंदाज आधी येतच नसल्यामुळे विमा काढून निर्धास्त व्हावे, असा त्याचा आशय आहे.

पहिला प्रश्न असा की, प्राणी धडधाकट आहे हे ठरवले कोणी? मांजर आपले दुखणे लपवते. तिच्या मूत्रपिंडांची सुमारे 75 टक्के कार्यक्षमता गेल्यानंतरच रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे एरवी बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ठळकपणे वाढते, आणि तोवर घरच्यांना दिसते ते फक्त पाणी जास्त पिणे आणि वजन हळूहळू उतरणे. वजन नियमित नोंदवणारा पशुवैद्य ही घसरण आपल्याआधी ओळखतो. कुत्र्याच्या पिल्लाला वयाच्या 6 ते 8 आठवड्यांपासून दर 2 ते 4 आठवड्यांनी, किमान 16 आठवड्यांचे होईपर्यंत लसी द्याव्या लागतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे आधीच्या लसींना निष्प्रभ करू शकतात. या लसी चुकवून पार्व्होची, म्हणजे आतड्यांवर हल्ला करणाऱ्या विषाणूची, लागण झाली, तर कित्येक दिवस सलाईनवर ठेवावे लागते आणि तो खर्च लसींच्या कितीतरी पट असतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तर उपचारच उरत नाही.

‘सर्वांत जवळचा दवाखाना’ हा निकष प्रवासाच्या सोयीपुरता ठीक आहे. पण लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो आणि बारा तास काहीही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण असतो. अशा रात्री दवाखान्याचा पत्ता शोधण्यात वेळ घालवणे परवडत नाही. म्हणून पशुवैद्य नोंदणीकृत आहे का, रात्री कोण उपलब्ध असते, एक्स-रे आणि रक्ततपासणी तिथेच होते का, दाखल केलेल्या प्राण्याजवळ रात्री माणूस थांबतो का, हे प्राणी घरी आणण्यापूर्वीच विचारून ठेवावे. ससा किंवा पक्षी पाळणाऱ्यांनी तर त्या प्राण्यांवर उपचार करण्याचा अनुभव आहे का, हेही स्पष्ट विचारावे, कारण कुत्र्या-मांजरांना चालणारी काही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या जिवावर बेततात.

गोळीविषयीचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातील यंत्रणा मांजरांत फार दुबळी असते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता खालावते आणि माणसाची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. आयबुप्रोफेनमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता खर्चाविषयी. लसी, जंतनाशके, वार्षिक तपासणी आणि निर्बीजीकरण हा खर्च आधीच माहीत असतो. वर्षाची बेरीज बाराने भागली की दरमहा बाजूला काढायची रक्कम मिळते. निर्बीजीकरण टाळलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात माजानंतर काही आठवड्यांनी पू होऊ शकतो, आणि मग तीच शस्त्रक्रिया अधिक धोका पत्करून, अधिक पैसे मोजून, घाईत करावी लागते. अनपेक्षित आजारासाठी वेगळी शिल्लक हवीच, विमा असला तरीही. बहुतेक पॉलिसी आधीपासूनचे आजार वगळतात, सुरुवातीला प्रतीक्षाकाळ लावतात, आणि अनेकदा बिल आधी आपण भरायचे व परतावा नंतर मिळवायचा असतो.

संदेशातील एका तक्रारीत मात्र तथ्य आहे : सुचवलेली प्रत्येक तपासणी अटळ असतेच असे नाही. त्यावर दवाखानाच टाळण्याची गरज नाही. किमान आणि कमाल खर्चाचा लेखी अंदाज मागावा, आणि ‘या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?’ असे पशुवैद्यालाच विचारावे.