‘पॅटिस वरून करपले, खालून कच्चे’ या रिव्ह्यूला बेकरीकडून उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या फ्रोझन पॅटिसचा वरचा भाग करपला, खालचा कच्चट राहिला, तेल सुटलं आणि घरात धूर झाला, हे वाचून वाईट वाटलं. पाहुणे घरात असताना असं व्हायला नको होतं. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.

पण ‘पाकिटावर लिहिलंय तसंच तंतोतंत केलं, माल शिळा असणार, १८० रुपये पाण्यात’ असंही तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल बोलणं भाग आहे. नवीन गिऱ्हाईक आधी तारे बघतं आणि ‘शिळा’ हा शब्द दिसला की पुढे वाचतच नाही. आमचं पोट त्यावर आहे.

पाकिटावर ओव्हनची सूचना आहे ती अशी: तापलेल्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर १० मिनिटं, मग १९० वर १५ मिनिटं. तुमचा एअर फ्रायर २०० च्या वर जात नाही, म्हणून ‘ओव्हनपेक्षा २० अंश कमी’ या हिशेबाने तुम्ही २०० वर सलग २५ मिनिटं लावलीत. हिशेब चुकीचा नाही, पण अर्धाच झाला. २२० चे २०० झाले, तर १९० चे १७० व्हायला हवेत. शिवाय एअर फ्रायरमध्ये वेळही साधारण पाचव्या हिश्शाने कमी करतात, म्हणजे २५ ऐवजी २०. तुमचे पॅटिस पहिल्या टप्प्याच्या आचेवर शेवटपर्यंत राहिले. ‘तंतोतंत’ हा शब्द म्हणूनच मनाला लागला, ताई.

दोन टप्पे आम्ही हौसेने छापलेले नाहीत. पॅटिसच्या पिठात मैद्याचा एक थर आणि मार्गारीनचा (लोण्यासारख्या घट्ट वनस्पती चरबीचा) एक थर अशा घड्या असतात. सुरुवातीला जोरात आच मिळाली की पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पापुद्रे उचलते. आच मंद असेल तर वाफ जोर धरायच्या आतच मार्गारीन वितळून बाहेर येतं. तुम्ही लिहिलेलं ‘तेल सुटलं’ ते हेच, आणि थंड मशीनमध्ये पॅटिस ठेवून मग बटण लावलं की नेमकं हेच होतं. शिळ्या मालाचं ते लक्षण नाही. सुटलेलं तेल खालच्या ड्रॉवरमध्ये ठिबकून तापतं, म्हणून धूर. जाळीखाली ड्रॉवरमध्ये दोन-तीन चमचे पाणी घातलं की धूर कमी होतो.

आता तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दल. बास्केटमध्ये सहाच्या सहा पॅटिस एकमेकांना चिकटून बसलेत आणि खाली फॉइल कडेपर्यंत पसरलेली दिसते. खालून कच्चे राहण्याचं कारण त्या फोटोतच आहे. आमच्या भट्टीत ट्रेखालूनही आच लागते. एअर फ्रायरची कॉइल, म्हणजे तापणारी तार, सहसा फक्त वर असते, तीही पॅटिसपासून चार बोटांवर. खालच्या बाजूला जी काही उष्णता पोचते ती पंख्याच्या हवेतून, जाळीच्या भोकांमधून. भोकंच बुजवली तर खाली काय पोचणार? चार लिटरच्या बास्केटमध्ये तीन पॅटिस, फार तर चार, आणि मध्ये बोटभर जागा. कागद हवाच असेल तर भोकांचा बटर पेपर मिळतो. तोही रिकाम्या बास्केटमध्ये घालून प्रीहीट करू नये, पंख्याने उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो.

तुम्हाला आणि इथे वाचणाऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून पूर्ण कृती देतो. पॅटिस फ्रीजरमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा. पीठ गारच राहिलं पाहिजे, फक्त आतलं बटाट्याचं सारण दगडासारखं राहायला नको. त्याहून जास्त वेळ ठेवलेत तर मार्गारीन मऊ पडून थर एकमेकांना चिकटतात. मशीन २०० वर ५ मिनिटं रिकामं तापवा. पॅटिसच्या कडा काट्याने दाबून घ्या, नाहीतर वरचा पापुद्रा पंख्याने उघडतो. तरीही उघडत असेल तर जाळीचं छोटं स्टँड वर पालथं घाला. २०० वर ५ मिनिटं, मग १७० वर १० मिनिटं. चिमट्याने उलटून ४ मिनिटं. पुन्हा सुलटं करून वरून दूध लावा आणि शेवटची २ मिनिटं. दूध आधी लावायचं नाही, त्यातली साखर कॉइलखाली लगेच काळी पडते. तुमच्या पॅटिसवरचे काळे डाग बहुधा तेच आहेत. काढल्यावर पाच मिनिटं जाळीवर ठेवा. ताटलीत ठेवलंत तर वाफेने तळ पुन्हा ओला होतो. मशीनमशीनमध्ये फरक असतो, त्यामुळे पहिल्या वेळी एकच पॅटिस लावून बघणं बरं.

जाता जाता: आमच्या पिझ्झा बेसचीही अशीच तक्रार येते, म्हणून इथेच सांगून टाकतो. बेस आधी नुसताच १८० वर ३ मिनिटं, मग सॉस आणि भाज्या घालून १७० वर ५ मिनिटं, चीज शेवटच्या दोन मिनिटांपुरतं. किसलेलं चीज हलकं असतं, सुरुवातीला घातलं तर उडून कॉइलवर जातं.

‘फोन उचलत नाहीत’ असंही लिहिलंय. तुमचा मेसेज रात्री ९.४० चा आहे आणि रिव्ह्यू ९.५५ चा. दुकान ९ ला बंद होतं, हे दारावर आणि पाकिटावरही आहे. पहाटे चारला भट्टी पेटवायची असते, त्यामुळे पावणेदहाला फोन हातात नसतो. सकाळपर्यंत थांबला असतात तर वरचं सगळं फोनवरच सांगितलं असतं, आणि तारे द्यायचा हक्क तुमचा होताच.

राहिला ‘शिळा’. तुमच्याच दुसऱ्या फोटोत पाकिटावरची पॅकिंगची तारीख वाचता येते, ती त्याच आठवड्यातली आहे. तेवढा एक शब्द काढलात तर बरं वाटेल. बाकी रिव्ह्यू हवा तसा ठेवा.

पाकिटाच्या मागे ‘एअर फ्रायरसाठी तापमान व वेळ वेगळे’ अशी ओळ आहे. अक्षर बारीक आहे, हे खरं. पुढच्या छपाईत काहीतरी ठळक करायचं बघतो आहोत, काउंटरवरही सांगत जाऊ.

एक पाकीट आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. सकाळी किंवा संध्याकाळी सहानंतर या आणि जाड पिशवी आणा. दुपारच्या उन्हात अर्धा तास गेलं की पीठ मऊ पडतं, ते पुन्हा फ्रीजरमध्ये घट्ट केलं तरी पापुद्रे सुटत नाहीत. मग दोष पुन्हा आमच्याच पॅटिसला यायचा.