शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने

गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल, ही सूचना पुणेकराला तोंडपाठ असते. पिंप भरलं की त्याच्या लेखी विषय संपतो. पण दाब गेला की पाइपातलं पाणी उलटंही चालतं, हे सांगायला जाणारा माणूस सोसायटीत उपद्रवी ठरतो. मी ठरलोय.

आमच्या पार्किंगमध्ये कॉर्पोरेशनच्या लाइनीवर एक डायरेक्ट नळ आहे. त्याला हिरवी नळी, आणि नळीचं तोंड गाड्या धुण्याच्या बादलीत बुडालेलं. वर फेस, तळाला गाळ, मधे एक फडकं, जे पूर्वी कुणाचं तरी बनियन होतं. नळ उघडा राहिला आणि लाइन रिकामी होऊ लागली, की बादलीतलं सगळं लाइनीत ओढलं जातं. डब्यातून नळीनं रॉकेल काढायचो ना, तेच तत्त्व.

मीटिंगमध्ये हे मांडलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "अहो, पाणी खडकवासल्याहून आपल्याकडे येतं. आपली बादली खडकवासल्याला कशी जाईल?" टाळ्या. मग मी 1933 चं शिकागो काढलं. तिथल्या हॉटेलात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि आमांशानं शंभराच्या आसपास माणसं दगावली. मागून आवाज आला, "आपल्याकडे आरओ आहे." जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा हीच मंडळी उकळलेलं पाणी पुन्हा उकळत होती!

खरं दुखणं टाकीपाशी होतं. बोअरची लाइन आणि कॉर्पोरेशनची लाइन एका टीनं, म्हणजे तीन तोंडांच्या जोडणीनं, जोडलेली; मधे एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. नियमानं या दोघींची गाठच पडता कामा नये, मधे व्हॉल्व्ह असला तरी. प्लंबर म्हणाला, "काका, एनआरव्ही आहे की. पाणी मागं जातंय होय?" मी तो खोलायला लावला. झडपेखाली टेफ्लॉन टेपचा मळकट बोळा अडकलेला आणि झडप अर्धी उघडी. प्लंबरनं बोळा शांतपणे खिशात घातला. पुरावा नष्ट.

शेवटी टी कापली. कॉर्पोरेशनच्या पाइपाचं तोंड टाकीत ओव्हरफ्लोच्या वर, मोकळ्या हवेत ठेवलं. मधलं अंतर पाइपाच्या व्यासाच्या निदान दुप्पट. पाणी हवेतून उडी मारून परत पाइपात शिरत नाही, त्यामुळे याच्याइतकी भरवशाची झडप दुसरी नाही. ना गंजत, ना अडकत. प्लंबरच्या बिलात मात्र 'एअर गॅप' अशी स्वतंत्र ओळ आहे. काहीही न बसवल्याचे पैसे आम्ही चेकनं दिले.

आता तळमजल्यावरच्या काकांचा लेखी अर्ज आलाय. पहाटे पाणी आलं की टाकीत धो धो पडतं. "तो आवाज ऐकून या वयात किती वेळा उठावं माणसानं?" प्लंबरनं उपाय सुचवलाय: "पाइप लांब करून पाण्यात सोडतो, आवाज बंद." चेअरमनसाहेबांना हे व्यवहार्य वाटतंय. मीटिंग रविवारी आहे, आणि चहाची सोय काकांनी केली आहे.