झेंड्याचे रंग पाठ करून झेंडा कळत नाही

लाल म्हणजे बलिदान, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. हा तक्ता जगातल्या जवळजवळ कुठल्याही देशाला लावता येतो, म्हणूनच त्यातून कुठल्याच देशाबद्दल काही कळत नाही. झेंडा समजून घ्यायचा असेल, तर लोकांनी त्या कापडाचं काय केलं ते बघावं लागतं.

मुळात गरज साधी होती. लढाईच्या धुळीत आपली माणसं कुठे आहेत ते दिसायला हवं, म्हणून काठीवर उंच काहीतरी हवं. पण त्या काठीत जीव किती लवकर अडकतो बघा. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हीच्या लढाईत पार्थियनांनी, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याच्या सैन्याने, रोमन सैन्याची काठीवरची गरुडचिन्हं हिसकावून नेली. ती अपमानाची जखम तीन दशकं भरली नाही. इ.स.पू. २० मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसने वाटाघाटी करून चिन्हं परत मिळवली आणि तो प्रसंग नाण्यांवर कोरवला.

मला सगळ्यात जास्त हलवतात ते मात्र फाडलेले झेंडे.

फ्रान्सने फेब्रुवारी १७९४ मध्ये आपला तिरंगा ठरवला. त्याच महिन्यात वसाहतींमधली गुलामगिरीही रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणायचा घाट घातला. आज ज्याला हैती म्हणतात त्या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतले, एकदा मोकळे झालेले लोक, पुन्हा साखळ्या घालून घ्यायला तयार नव्हते. त्यांचा सेनापती देसालीन याने १८०३ मध्ये फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून टाकला आणि उरलेला निळा-लाल कातरीन फ्लों नावाच्या बाईने एकत्र शिवला, असं तिथे परंपरेने सांगतात. कथा किती अचूक ते सोडा. १ जानेवारी १८०४ ला तो देश स्वतंत्र झाला, हे पक्कं. मालकाचाच झेंडा घेऊन त्यातून मालकाला काढून टाकणं! यापेक्षा स्पष्ट जाहीरनामा कुठला असणार?

दुसरा झेंडा हंगेरीचा. ऑक्टोबर १९५६. बुडापेस्टच्या रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी लाल-पांढर्‍या-हिरव्या झेंड्याच्या मधोमध असलेलं कम्युनिस्ट राजवटीचं, हातोडा आणि लाल तार्‍याचं राजचिन्ह कापून काढलं. मध्ये भोक असलेला झेंडा फडकू लागला. देश आमचा, हे चिन्ह आमचं नाही. एवढं सगळं एका कात्रीने सांगितलं. सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला, पण १९८९ मध्ये रोमानियातल्या लोकांनी नेमकं तेच केलं. तिथे राजवट कोसळली आणि झेंड्यावरचं चिन्ह कायमचं गेलं. त्यामुळे आज रोमानिया आणि आफ्रिकेतल्या चाडचे झेंडे जवळपास सारखे दिसतात, निळ्या रंगाच्या छटेत काय तो फरक. रंग तेच, इतिहास संपूर्ण वेगळा. तक्ता इथे काय सांगणार?

कुणी म्हणेल, असं कापणं-फाडणं हा अनादर आहे. मला ते पटत नाही. ज्याला आपल्या झेंड्याचं काहीच वाटत नाही, तो जिवावर उदार होऊन त्यातलं चिन्ह कापायला जाणार नाही. आणि जबरदस्तीने करवून घेतलेल्या आदराला माझ्या लेखी किंमत नाही. अमेरिकेत ज्या शाळकरी मुलांना धर्मश्रद्धेमुळे झेंड्याला वंदन करायचं नव्हतं, त्यांच्यावर सक्ती करता येईल असं सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये म्हटलं होतं. १९४३ मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला, तोही ऐन महायुद्धात, १४ जूनला, म्हणजे त्यांच्या ध्वजदिनीच. मोठं धैर्य लागतं याला.

बिनरंगाच्या, बिनचिन्हाच्या पांढर्‍या निशाणाबद्दलही बोलायला हवं. ते घेऊन बोलणी करायला येणार्‍यावर हल्ला करायचा नाही आणि त्याचा वापर करून दगाही द्यायचा नाही, हे १९०७ च्या हेग नियमांत लिहिलेलं आहे. एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसंसुद्धा एका कोर्‍या कापडावर विश्वास ठेवू शकतात, याचं मला फार मोल वाटतं.

दक्षिण आफ्रिकेने तर रंगांच्या अर्थाचा प्रश्न शहाणपणाने सोडवला. वर्णभेदाच्या काळातला झेंडा जायलाच हवा होता. लोकांकडून हजारो नमुने आले, एकही पसंत पडला नाही. शेवटी फ्रेडरिक ब्राउनेल यांचा आराखडा घाईघाईत, तात्पुरता म्हणून स्वीकारला आणि २७ एप्रिल १९९४ ला, सर्वांना मताधिकार असलेल्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी, तो फडकला. लोकांनी तो इतका आपलासा केला की १९९६ च्या राज्यघटनेत तोच कायम झाला. त्यातल्या रंगांना सरकारने अधिकृत अर्थ दिलेला नाही. प्रत्येकाने आपापला शोधावा. प्रत्येक देशाने हेच करावं असं मला मनापासून वाटतं.