"सर्दीच आहे गं, दुसरं काही नाही"

गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की शेवटी मी मोजायला लागले. "सर्दीच आहे." "व्हायरल आहे, सगळीकडेच चाललंय." "हवा बदलतेय ना, म्हणून." ओळखीतले, ऑफिसातले, जिन्यात भेटणारे असे एकूण अकरा जण. त्यातल्या चौघांनी कोविडची टेस्ट केली, चौघंही पॉझिटिव्ह. उरलेल्या सात जणांना विचारलं तर साधारण एकच उत्तर मिळालं, "आता कोण करतंय टेस्ट?"

या चारावरून अकराच्या अकरा जणांना कोविडच झाला असेल असं मी म्हणत नाही. टेस्ट करायला बहुतेक तोच जातो ज्याला जरा जास्त त्रास होतोय किंवा ज्याच्या घरात कोणी तरी आधीच पॉझिटिव्ह आहे. शिवाय एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती जिथेतिथे दिसायला लागते, हेही मला कळतं. मागच्या महिन्यातही लोक खोकत असणारच, तेव्हा मी कान देऊन ऐकत नव्हते एवढंच. ऋतू बदलताना सर्दी-खोकल्याचे इतर विषाणूही फिरत असतात आणि नुसत्या लक्षणांवरून त्यांच्यात आणि कोविडमध्ये फरक करणं डॉक्टरांनाही जमत नाही. हे सगळं मान्य. तरीही अकरा म्हणजे फार झाले. एका बैठकीला सहापैकी चौघं आले नाहीत आणि चौघांची कारणं सारखीच निघाली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली होती.

पूर्वी अशी शंका आली की आकडे बघायचो. आठवतंय? सकाळी उठल्याउठल्या दात घासायच्या आधी तो नकाशा उघडायचो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा तो लाल ठिपक्यांचा नकाशा १० मार्च २०२३ ला थांबला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ मे २०२३ ला, जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आणीबाणी संपली म्हणजे रोग संपला असं संघटना तेव्हाही म्हणत नव्हती, पण आपण ऐकताना अर्धंच वाक्य ऐकलं. मग टेस्ट कमी झाल्या, घरच्या घरी केलेल्या टेस्टची नोंद होणं बंद झालं, आणि आज बहुतेक ठिकाणी रुग्णांचा जो आकडा दिसतो तो म्हणजे इस्पितळापर्यंत पोचलेल्यांचा. आपल्यासारखे घरी पडून चार दिवसांत उठणारे कुठेच मोजले जात नाहीत.

विषाणूला मात्र कोणी मोजतंय की नाही याच्याशी देणंघेणं नाही. तो बदलत राहतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या ओमिक्रॉन या प्रकाराचं नामकरण झालं आणि त्यानंतर जे जे आलं, डिसेंबर २०२३ मध्ये ज्याची चर्चा झाली तो जेएन.१ सुद्धा, ते सगळं त्याचंच गणगोत. लसीने आणि आधी होऊन गेलेल्या संसर्गाने मिळालेलं संरक्षण गंभीर आजारापासून बऱ्यापैकी वाचवतं, पण पुन्हा लागण होण्यापासून वाचवणारा भाग काही महिन्यांत विरत जातो. म्हणून लाटा येत राहतात. आणि त्या फ्लूसारख्या फक्त थंडीत येतात असंही नाही, त्या ऐन उन्हाळ्यातही येऊन गेल्यात.

मोजण्याचा एक मार्ग मला मनापासून आवडतो, सांडपाणी तपासण्याचा. लागण झालेल्या माणसाच्या शौचातून विषाणूचे अंश बाहेर पडतात, कधीकधी त्याला स्वतःला काही जाणवण्याआधीच. नेदरलँड्समधल्या संशोधकांना २०२० च्या सुरुवातीलाच सांडपाण्यात ते सापडले होते. आपण "सर्दीच आहे" म्हणत असतो तेव्हा गटार खरं बोलत असतं! पण प्रत्येक वस्तीचं पाणी कोणी तपासत नाही, आणि तपासलं तरी ती माहिती आपल्यापर्यंत पोचेलच असं नाही. मग उरतं काय? आपण एकमेकांना जे सांगतो ते.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. त्या तक्रारीत मी स्वतःही येते.

झालं असं. आम्ही दहाबारा जण दर आठवड्याला एका बंद खोलीत गायला बसतो. हौशी मंडळी, सूर कमी आणि उत्साह जास्त. त्या दिवशी एक जण जरा खोकत होता. "घसा धरलाय," म्हणाला. मी त्याच्या शेजारीच बसले होते. तीन दिवसांनी माझा घसा खवखवायला लागला. मी शहाणी, लगेच टेस्ट केली. निगेटिव्ह. हुश्श केलं आणि त्याच संध्याकाळी मावशीकडे गेले. मावशी पंचाहत्तर वर्षांची, साखर आहे, एकटी राहते. तिच्याजवळ बसून दोन तास गप्पा मारल्या. खिडकी बंद होती, कारण तिला वारा सोसत नाही. दोन दिवसांनी पुन्हा टेस्ट केली तर दुसरी रेघ अशी ठसठशीत की डोळे चोळून बघायचीही गरज पडली नाही.

घरच्या टेस्टबद्दल हे मला माहीत असायला हवं होतं. हल्ली आपल्या शरीराची विषाणूशी जुनी ओळख झालेली असते, म्हणून ते लवकर चवताळतं आणि लक्षणं आधी दिसतात, पण नाकातला विषाणू टेस्टला सापडण्याइतका वाढायला अजून एकदोन दिवस लागू शकतात. म्हणूनच लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर अठ्ठेचाळीस तासांनी परत करा असं सांगतात. पहिल्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट म्हणजे परवाना नव्हे. मी ती परवाना म्हणून वापरली.

मावशीला झाला. तिसऱ्या दिवशी ताप आला. तिच्या डॉक्टरांनी वेळ न दवडता विषाणूरोधक गोळ्या सुरू केल्या. त्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत घ्याव्या लागतात, नंतर त्यांचा फारसा उपयोग नसतो. म्हणजे "बघू दोन दिवस, सर्दीच असेल" करत बसलो असतो तर ती संधी गेली असती. तिची नेहमीची औषधं त्या गोळ्यांबरोबर चालतात का तेही डॉक्टरांनी तपासलं, कारण काही औषधांशी त्यांचं अजिबात पटत नाही. आता ती बरी आहे, थकलेली आहे.

नंतर कळलं की तो गाणारा मित्र गाण्याच्या आदल्याच दिवशी पॉझिटिव्ह आला होता. त्याला माहीत होतं.

मी चिडले. खूप चिडले. फोन करून दोन शब्द सुनवायचे ठरवले आणि केलाही. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे कसं बघितलं असतं? 'अजून कोविड कोविड करतोय' म्हणून हसला असता नाहीतर दार लावून घेतलं असतं." त्यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात एकजण मास्क लावून आला होता तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते.

आधी हा शब्द उच्चारला की लोक घाबरायचे, आता उच्चारला की लोकांना संकोच वाटतो. जणू २०२० मधल्या कपाटातून कोणी जुने कपडे काढून घातलेत. त्यामुळे आपण "व्हायरल" म्हणतो. कोविडही व्हायरलच की! शब्द खोटा नाही, पण त्यात मुद्दा बरोब्बर लपतो. "व्हायरल" ऐकून कोणी मावशीकडे जाणं पुढे ढकलत नाही.

एका कोरसची गोष्ट मी तेव्हा वाचली होती आणि तरीही विसरले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला (तो नकाशा बंद पडला त्याच्या बरोबर तीन वर्षं आधी) ६१ जण तालमीला जमले. त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. अडीच तास गायले. पुढे ५३ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. तेव्हा लस नव्हती, आज आहे, म्हणून तेवढं भयंकर काही होणार नाही हे मला कळतं. पण बंद खोलीत गाणाऱ्या माणसाच्या श्वासातून काय काय पसरतं, ते काही बदललेलं नाही. उघडी खिडकी आणि चेहऱ्याला नीट घट्ट बसणारा एन-९५, एवढ्याने बराच फरक पडतो. हनुवटीवर लटकलेल्या मास्कने पडत नाही.

आणि अगदी सुरुवातीला या आजाराबद्दल सावध केलं होतं तेही ग्रुपवरच्या एका मेसेजनेच. ३० डिसेंबर २०१९ ला वुहानमधले डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी आपल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर लिहिलं की इस्पितळात विचित्र न्यूमोनियाचे रुग्ण आलेत, जपून राहा. चार दिवसांनी पोलिसांनी बोलावून त्यांना समज दिली, अफवा पसरवू नका म्हणून. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच आजाराने ते गेले. त्यांच्याकडे आकडे नव्हते. त्यांनी आपल्या आसपास जे पाहिलं ते आपल्या माणसांना सांगितलं. आपल्याला तर समज द्यायला कोणी पोलीसही येणार नाहीये, तरी आपण गप्प.

मावशी मात्र गप्प बसली नाही. ताप उतरल्यावर तिने मला न विचारता तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलं, "मला कोविड झाला आहे. गुरुवारी माझ्याशेजारी कोण कोण बसलं होतं ते आठवा आणि बघून घ्या." मी म्हटलं, अगं, घाबरतील ना सगळ्या. ती म्हणाली, "घाबरू देत. घाबरल्या तर टेस्ट करतील."

तासाभरात तिघींची उत्तरं आली. तिघींनीही एकच शब्द लिहिला होता, "मलाही." त्यातल्या एकीने आदल्याच दिवशी मला जिन्यात सांगितलं होतं, सर्दीच आहे गं, दुसरं काही नाही.