मिरर लावलाय, मग बॅकअप कशाला?

लिनक्स सर्व्हर उभा करणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो: दोन डिस्क रेड-१ मध्ये मिरर करा, म्हणजे तोच डेटा दोन्हींवर एकदम लिहिला जाईल; एक गेली तरी कळणारही नाही, सर्व्हर दुसरीवरून उठेल, वाचन दुप्पट वेगाने होईल आणि बॅकअपची कटकट संपेल.

यातलं 'कळणारही नाही' एवढं मात्र शंभर टक्के खरं, आणि घोळ तिथेच आहे. एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड-साधनाने बांधलेल्या जोडीतली एक डिस्क मेली की कर्नल (लिनक्सचा गाभा) तिला बाजूला सारतो आणि काम चालूच राहतं. रेडची स्थिती दाखवणाऱ्या /प्रॉक/एमडीस्टॅट या फाइलमध्ये [यूयू]च्या (दोन्ही डिस्क ठीक) जागी [यू_] (एक गायब) दिसतं, पण रोज तिथे डोकावतो कोण? एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये सूचनेसाठी ईमेल पत्ता नसेल, किंवा असूनही मेल बाहेरच पडत नसेल, तर महिनोन्महिने एकटी डिस्क गाडा ओढते. तिनेही मान टाकली की मग कळतं. एमडीएडीएमच्या मॉनिटरला (डिस्कवर नजर ठेवणाऱ्या भागाला) टेस्टचा पर्याय देऊन चाचणीचा मेल येतो का, हे पहिल्याच दिवशी बघावं.

दुसरीवरून उठेल? बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) तिच्यावर असेल तर. बायोसच्या (जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या) मशीनवर ग्रब हा बूटलोडर दोन्ही डिस्कवर बसवावा लागतो. यूईएफआयच्या (नव्या पद्धतीच्या) मशीनवर बूटलोडर ठेवणारं ईएफआय पार्टिशन बहुधा मिररच्या बाहेर असतं, त्याची प्रत आपणच ठेवायची. खरा डेटा येण्याआधी एकेक डिस्क काढून बूट करून पाहा.

वेगाचं म्हणाल तर अनेक प्रोसेस एकदम वाचत असतील तेव्हा फायदा दिसतो. एकच मोठी फाइल सलग वाचताना फारसा नाही.

राहिला बॅकअप. चुकून मारलेला आरएम -आरएफ (न विचारता सगळं पुसणारा आदेश) मिरर इमानेइतबारे दोन्हीकडे राबवतो. डिस्कने गुपचूप चुकीचे बाइट दिले तरी रेड-१ वाचताना प्रती ताडून पाहत नाही. रेडचा 'चेक' चालवला तर तफावत मोजली जाते, पण चेकसम (डेटा बिघडला का हे ताडायचा आकडा) नसल्याने खरी प्रत कोणती हे त्याला ठाऊक नसतं. 'रिपेअर' एक प्रत धरून दुसरीवर लिहितो, मग ती खराब का असेना. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम इथे शहाण्या आहेत, त्यांच्याकडे चेकसम असतो. पुसलेली फाइल मात्र त्यांच्याही आरशात पुसलेलीच दिसते.

शिवाय मेलेलीच्या जागी लावलेली १६ टीबीची नवी डिस्क जुन्या डिस्कवरून सेकंदाला २०० एमबीने भरायची म्हटली तरी २२ तास लागतात. तेवढ्यात जुन्या डिस्कवर वाचता न येणारा सेक्टर निघाला, तर त्यातला डेटा बॅकअपमधूनच आणावा लागतो.