मॅटलॅब लायसन्सच्या तुटवड्याबाबत आलेल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आमच्या सेवेला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे की, सबमिशनच्या आठवड्यात विद्यापीठाच्या लॅबमध्ये मॅटलॅब हे गणिती आकडेमोडीचे सॉफ्टवेअर उघडत होते, पण फिल्टर (सिग्नलमधला नको तो भाग गाळणारे सूत्र) डिझाइनची ओळ चालवली की लायसन्स, म्हणजे वापराचा परवाना, नाकारले जात होते. आसपासचे अनेक संगणक रिकामे दिसत असतानाही हेच घडत होते. घरच्या लॅपटॉपवर लायसन्स नेण्याची सोय बंद करण्यात आली. आणि पैसे पूर्ण घेऊन आम्ही मुद्दाम कमी लायसन्स देतो, असा आपला आरोप आहे. ही लायसन्स वाटून देणारा विद्यापीठाचा संगणक, म्हणजे लायसन्स सर्व्हर, आम्ही सांभाळतो, त्यामुळे याचे उत्तर आम्हीच द्यायला हवे.

शेवटचा आरोप आधी घेतो. कोणती लायसन्स किती घ्यायची हे विद्यापीठ ठरवते, खरेदी निविदेद्वारे होते, आणि अधिक लायसन्स विकली गेली तर त्यात आमचा फायदाच असतो. कमी देऊन आमच्या पदरात काहीही पडत नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. मॅटलॅब आणि त्याचे टूलबॉक्स (खास कामांसाठीचे जोडसंच) यांची लायसन्स वेगवेगळी मोजली जातात. विद्यापीठाकडे मॅटलॅबची 50 सामायिक लायसन्स आहेत, पण सिग्नल प्रोसेसिंग टूलबॉक्सची फक्त 10 आहेत. आपण उल्लेख केलेले ‘बटर’ हे बटरवर्थ फिल्टरचे फंक्शन याच टूलबॉक्समधले आहे. ते पहिल्यांदा चालवताच सर्व्हरवरून टूलबॉक्सचे एक लायसन्स उचलले जाते, आणि खरी गोम इथेच आहे : फंक्शनचे काम क्षणार्धात संपले तरी ते लायसन्स मॅटलॅब पूर्ण बंद होईपर्यंत परत जमा होत नाही. सकाळी एकदा ‘बटर’ चालवून नंतर दुपारपर्यंत केवळ आलेख रंगवत बसलेला विद्यार्थी त्या 10 पैकी एक लायसन्स धरून बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःला याची कल्पनाही नसते. अकरावा विद्यार्थी मात्र उणे चार क्रमांकाची त्रुटी पाहतो, जिचा अर्थ मंजूर संख्येइतके वापरकर्ते आधीच आत आहेत, एवढाच असतो.

रिकाम्या दिसणाऱ्या संगणकांचेही असेच आहे. स्क्रीन लॉक करून चहाला जाणे म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यासारखेच आहे. त्यातच वीज गेली आणि संगणक एकदम बंद पडला, तर तो गेल्याचे सर्व्हरला लगेच कळत नाही. नेटवर्कच्या नेहमीच्या मांडणीत तुटलेला संपर्क लक्षात यायला सुमारे दोन तास लागू शकतात, आणि तोवर ते लायसन्स वापरात असल्याचेच नोंदीत दिसत राहते. आपल्या भागात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे मी वेगळे सांगायला नको. वापर नसलेले लायसन्स आपोआप परत घेण्याची सोय आम्ही सुरू ठेवली आहे, पण मॅटलॅबच्या बाबतीत ती मुदत मिनिटांत नव्हे, तासांत मोजावी लागते, आणि सबमिशनच्या दुपारी तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.

मग आम्ही बळाने लायसन्स का काढून घेत नाही, असे आपण विचारले आहे. सर्व्हरवर आम्हाला वापरकर्त्याचे नाव, संगणकाचे नाव आणि सुरुवातीची वेळ एवढेच दिसते. तो विद्यार्थी जेवायला गेला आहे की त्याचे रात्रभराचे सिम्युलेशन चालू आहे, हे त्यावरून ओळखता येत नाही. एकाची सोय करण्यासाठी दुसऱ्याचे चालू काम धोक्यात घालणे मला मान्य नाही.

घरी लायसन्स नेण्याची सोय विद्यापीठाच्या संमतीने बंद केली, आणि ती बंदच राहावी असे माझे मत आहे. उसने नेलेले लायसन्स ठरलेली मुदत संपेपर्यंत सामायिक साठ्यातून वजा होते. मधेच लॅपटॉप फॉरमॅट झाला किंवा हरवला, तर मुदतीपूर्वी ते परत मिळवणे आमच्या हातात राहत नाही. 10 लायसन्सच्या साठ्यात असे तीन लॅपटॉप पुरेसे असतात. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी परीक्षेच्या लॅबसाठी राखून ठेवलेली लायसन्स रिकामी असली तरी इतरांना मिळत नाहीत, हेही खरे आहे. तो निर्णय विभागाचा आहे आणि मला तो रास्त वाटतो.

आपले काम अडू नये म्हणून काही गोष्टी सुचवतो. फिल्टरचे सहगुणक (फिल्टर ठरवणारे आकडे) एकदा काढून फाइलमध्ये साठवावेत, मॅटलॅब बंद करून पुन्हा उघडावे आणि पुढचे काम ‘फिल्टर’ या मूळ फंक्शनने करावे. त्याला टूलबॉक्स लागत नाही. आपण कोणती लायसन्स धरून आहोत हे ‘लायसन्स’ या आज्ञेला ‘इनयूज’ हा शब्द देऊन पाहता येते. घरी काम करायचे असल्यास ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मॅटलॅब ऑनलाइनच्या मोफत खात्यात महिन्याला 20 तास मिळतात. मॅटलॅबसारखेच असलेले ऑक्टेव्ह हे सॉफ्टवेअर तर पूर्णपणे मोफत आहे आणि त्याचे सिग्नल पॅकेज घेतल्यावर ‘बटर’ तिथेही चालते. मात्र प्रयोगात सिम्युलिंक (मॅटलॅबचे आकृत्या जोडून सिम्युलेशन करण्याचे साधन) असेल तर ऑक्टेव्हचा उपयोग नाही, तेव्हा सायलॅब या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधील एक्सकॉस हे तसेच साधन पाहावे. सायलॅबचे शिक्षणसाहित्य आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराच्या प्रकल्पाने तयार केले आहे. जर्नलमध्ये हे चालेल का, ते मात्र आपल्या शिक्षकांना आधी विचारून घ्यावे.

पुढील खरेदीत मॅटलॅबची संख्या तीच ठेवून टूलबॉक्सची वाढवावी, असे आम्ही विद्यापीठाला लेखी सुचवले आहे. लायसन्स अडवून बसणाऱ्यांची नावे लॅबच्या फलकावर लावण्याची आपली मागणी मात्र आम्ही मान्य करणार नाही. कोणत्या टूलबॉक्सची किती लायसन्स मोकळी आहेत, एवढा आकडा लॅब असिस्टंटकडे कधीही पाहता येईल.

आपला,
संचालक